मी सांगेपर्यंत

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची! बस चौकात थांबली, तर मोठे डॉक्टर स्वतः मला उतरवून घ्यायला उभे. आमचे कॉलेजचे सर ज्यांचं नाव घेताना आवाज खाली आणायचे, ते सत्तरीचे गृहस्थ माझी बॅग उचलतायत आणि मी, कालपरवा परीक्षा पास झालेली दातांची डॉक्टर, मागून नको नको करत धावतेय. त्यांनी काही ऐकलं नाही. सगळ्यांनाच ते 'बाळ' म्हणतात. बसच्या ड्रायव्हरलाही म्हणाले, आणि त्याच्या मिशा पिकलेल्या आहेत.

दवाखाना चौकाच्या कोपऱ्यावर. मागच्या अंगाला डॉक्टरांचं राहणं, वर माझी खोली. पलंग, टेबल, बेसिन, गज लावलेली एक खिडकी. खिडकीतून मागचं अंगण दिसतं, तिथे दोरीवर दवाखान्याचे टॉवेल वाळत होते. जमीन लाकडी फळ्यांची आहे, त्यामुळे खालचं बोलणं वर स्वच्छ ऐकू येतं. मला लहानपण आठवलं. मी आणि धाकटी शेजारशेजारच्या खोल्यांत झोपायचो आणि भिंतीवर ठोकून एकमेकींशी बोलायचो. दोन ठोके म्हणजे आई आली, गप्प! मग मी एक ठोका देईपर्यंत तिने तोंड उघडायचं नाही. ताईगिरी करायला मला तेव्हापासूनच आवडतं.

मदतीला डॉक्टरांची मेहुणी आहे, नर्स. सगळे तिला मावशी म्हणतात. बोलते कमी आणि बोलते तेव्हाही दात मिटलेलेच, नुसते ओठ हलतात. आधी वाटलं माझ्यावर रागावली आहे, पण तिची ढबच तशी दिसते. तिने मला न विचारता माझी उशी बदलून जाड दिली. माणूस चांगलं आहे.

वेटिंग रूम खचाखच भरलेली होती. डॉक्टरांनी एक्स्चेंजला सांगून फोन जोडून दिला, आईला सांगितलं की इथे काम जोरात आहे. डॉक्टरांना वर्षभरात निवृत्त व्हायचंय, म्हणूनच मला बोलावलं. हात अजून दगडासारखा स्थिर आहे. मात्र शब्द कधीकधी हरवतात. मला कपाट दाखवताना 'कपाट' हा शब्दच सापडेना, चुटक्या वाजवत उभे राहिले. मी सांगितल्यावर लहान मुलासारखे हसले.

फोनवर धाकटीलाही सांगून टाकलं की परीक्षा संपली की सरळ इकडे ये. तिची खालची अक्कलदाढ माझ्यासारखीच आडवी आहे. वडिलोपार्जित मिळकत! डॉक्टरांच्या हातून काढून घेऊ म्हटलं. आई मागून ओरडली की आधी तुझी काढून घे. माझी दाढ अर्धीच बाहेर आली म्हणून अक्कलही अर्धीच आली, असं आईचं पहिल्यापासूनचं मत आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज डॉक्टरांचं काम बघितलं. खुर्चीत चौकातला शिंपी होता. दाढ हिरडीखाली आडवी झोपलेली, पुढच्या दाढेच्या मुळाला टेकून. भूल दिली, हिरडी चिरून बाजूला केली, हाड थोडं कोरलं, दाढेचे दोन तुकडे केले आणि एकेक तुकडा अलगद वर घेतला. शिंपी शेवटी विचारतोय, सुरू केलं का? टाके इतके बारीक की शिंप्यानेही मान डोलावली असती. मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

मग डॉक्टरांनी जखमेवर गॉजचा बोळा ठेवला, शिंप्याच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाले, चावून धर, बाळ. मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

डॉक्टर हात धुवायला गेले. मी शिंप्याला दारापर्यंत सोडलं आणि सवयीने सांगून टाकलं की तासाभराने बोळा काढून फेकून द्या, थंड काहीतरी खा. कॉलेजात हे वाक्य आम्ही झोपेतही म्हणायचो. मागे मावशीच्या हातातला ट्रे खाली पडला. मी उचलू लागले तर ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी शिंप्याला विष दिलं.

नंतर मी डॉक्टरांना सहज विचारलं की तास सांगायचा की अर्धा तास. ते म्हणाले, घड्याळावर सांगायचं नाही, गुठळीवर सांगायचं. रक्ताची गुठळी धरली तर जखम भरते, निघाली तर संपलं. खरंच आहे म्हणा.

रविवार, ९ नोव्हेंबर

सुट्टी. गावभर हिंडले. स्वच्छ रस्ते, नीटनेटकी दुकानं, माणसं अदबशीर. पण गाव किती शांत! शाळेच्या मैदानावर मुलं घसा फाटेस्तोवर ओरडत होती, आणि बाकावर बसलेले त्यांचे आईबाप ओठ मिटून बघत होते. कोणी हसलं तर फक्त गाल वर जातात. मी चार जणांशी गप्पा मारायचा प्रयत्न केला. मी बोलले, त्यांनी माना हलवल्या. आई म्हणते माझ्या तोंडाला कुलूप नाही, पण इथे मलाच माझा आवाज फार वाटायला लागला.

खाणावळीत गेले तर सगळं पातळ. सूप, दूध, चहा. चावायचं काही मिळतच नाही. लोक चोच असलेली भांडी गालाच्या कोपऱ्यात लावून पितात, मान तिरकी करून. दात मिटलेले असले तरी शेवटच्या दाढेच्या मागे फट असते, अक्कलदाढ काढलेली असेल तर चांगलीच मोठी. तिथून पातळ आत जातं. जबडा बांधलेल्या पेशंटला आम्ही तसंच पाजायचो. पण अख्ख्या खाणावळीला?

परत आले तेव्हा डॉक्टर ओसरीत बसून जांभई देत होते. मोठी, मोकळी, पडजीभ दिसेल अशी. मला कारण नसताना बरं वाटलं. मग लक्षात आलं की आल्यापासून मोठ्या माणसाची पहिलीच जांभई बघितली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शिंपी आला. तोंड उघडत नाही. मिटल्या दातांनी बोलायची अजून सवय नाही म्हणून त्याने खिशातला खडू काढून हातातल्या काळ्या कापडावर लिहिलं: बाई, तुम्ही सांगितलंत तसं काढायला गेलो, उघडत नाही.

मी त्याला खुर्चीत बसवलं. जबडा आखडला असेल तर पातळ लाकडी पट्ट्या एकेक करून दातांत सरकवतात, हळूहळू उघडतो. पहिलीच पट्टी जाईना. गालावर हात ठेवून बघितलं तर स्नायू अगदी मऊ. आखडलेला जबडा असा लागत नाही. सूज नव्हती, ताप नव्हता. तोंड नुसतं मिटलेलं होतं आणि माझ्या दोन्ही हातांचा जोर त्यापुढे काहीच नव्हता.

डॉक्टर आले. त्यांनी शिंप्याचा खांदा थोपटला आणि म्हणाले, मी अजून सांगितलं नाही ना, बाळ. शिंप्याने डोळे पुसले, मान हलवली आणि बाहेर वेटिंग रूममध्ये जाऊन बसला. कशासाठी बसला ते मला कळेना. मी गेले आणि त्याच्या शेजारच्या आजींना विचारलं की तुमचं काय दुखतंय. आजींनी मिटल्या दातांतून सांगितलं की काही दुखत नाही, डॉक्टर कधी सांगतात त्याची वाट बघतेय. पलीकडच्या माणसाला विचारलं. तेच. सगळ्यांचं तेच.

ते पेशंट नाहीतच. ते रोज येऊन बसतात आणि संध्याकाळी घरी जातात. आणि मी आईला सांगितलं की काम जोरात आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मावशीकडून सगळं काढून घेतलं. टॉवेल घड्या करताना तिने थोडं थोडं सांगितलं, आवाज न चढवता.

डॉक्टरांची बायको म्हणजे मावशीची सख्खी बहीण. तिची अक्कलदाढ डॉक्टरांनीच काढली. अर्ध्या तासाने बोळा काढ म्हणाले आणि दुसऱ्या गावी पेशंट बघायला गेले. तिने काढला. रक्त थांबलंच नाही. डॉक्टर परत आले तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर त्यांनी पहिली दाढ काढली ती मावशीची, आणि पहिल्यांदा म्हणाले, मी सांगेपर्यंत. तेव्हा मावशीचे केस काळे होते. आता एकही काळा नाही.

मी डॉक्टरांकडे गेले. घाबरले होते, पण गेले. म्हटलं, सांगत का नाही तुम्ही? एक शब्द तर आहे. त्यांना राग आला नाही. त्यांचे डोळे भरले. म्हणाले, सांगायला जातो बाळ, आणि ती दिसते. अजून एक दिवस थांबू, गुठळी पक्की होऊ दे, असं वाटतं. मग दुसऱ्या दिवशी परत तेच वाटतं.

मला त्यांची इतकी दया आली की भीती थोडा वेळ मागे पडली. मग धाकटी आठवली. तिची परीक्षा वीस तारखेला संपते, एकवीसला ती येणार. धावत फोनकडे गेले. एक्स्चेंजवाल्या बाईने मिटल्या दातांतून विचारलं, कुठे जोडू. मग म्हणाली की डॉक्टरांनी सांगितल्यावर जोडते. पत्र लिहून पोस्टमनच्या हातात दिलं. संध्याकाळी ते न उघडलेलं डॉक्टरांच्या टेबलावर होतं.

डावीकडे खाली ठणका लागला आहे. माझी अर्धी अक्कल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बॅग घेऊन बसमध्ये जाऊन बसले. बस सुटेना. मी ओरडले, हात जोडले, ड्रायव्हरची बाही ओढली. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला की बाई, नवीन माणूस आणायचं असेल तर मी लगेच निघतो, न्यायचं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्यावर. मग त्याने माझ्यासाठी चौकातून सूप आणलं. कोणी मला हातसुद्धा लावला नाही. सगळे माझी काळजी घेतायत.

उद्या पहाटे चालत निघते. कितीही लांब असो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

निघाले होते. पुलापर्यंत गेले. रात्रीच ताप चढला होता, पुढचं आठवत नाही. शिंप्याने मला सायकलवर बसवून आणलं म्हणे, पडू नये म्हणून आपल्या मापाच्या पट्टीने स्वतःच्या कमरेला बांधून.

गाल सुजला आहे. सूज जबड्याखाली उतरतेय. गिळताना घसा आवळतो. हे मी पुस्तकात वाचलंय. पू गळ्यात उतरला की श्वास कोंडतो. दाढ काढावी लागेल. लवकर. इथे काढणारं एकच माणूस आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डॉक्टरांना म्हटलं, माझी अट आहे. उद्या सकाळी तुम्ही मला सांगायचं. नुसतं मला नाही, सगळ्यांना. वेटिंग रूममध्ये उभं राहून मोठ्याने सांगायचं की उघडा. मी तुमच्या शेजारी उभी राहीन. कोणाला रक्त आलं तर आपण दोघं आहोत ना, मी टाके घालीन.

 ते बायकोच्या फोटोकडे बघून म्हणाले, शपथ. उद्या सकाळी.

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ते खरं बोलत होते. दारात मावशी रडत होती. म्हणाली की तोंड उघडलं की पहिल्यांदा मोठ्याने हाक मारणार आहे बहिणीला. मेलेल्या बहिणीला. मीही रडले, मग दोघी हसलो, ती गालांनी, मी तोंडाने.

आता खाली जाते. जिवावर आलंय. पण उद्या सकाळी.

रविवार, १६ नोव्हेंबर

झालं. श्वास मोकळा. सूज उतरतेय. हात काय आहे त्या माणसाचा!

ते म्हणाले तेव्हा मी मनात मोजत होते, काही होणार नाही, शब्दच तर आहेत. चावून धर, बाळ. मी सांगेपर्यंत.

दात मिटले. मी मिटले नाहीत. ते मिटले.

मावशीने सांगितलं की डॉक्टर आज दमलेत, उद्या सांगतो म्हणाले. एकच दिवस. ठीक आहे. बोळ्याला रक्ताची चव आहे. जीभ आत फिरते आणि सगळीकडून भिंत लागते.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी वेटिंग रूममध्ये सगळा गाव. उभं राहायला जागा नव्हती. नव्या कपड्यांत आले होते.

डॉक्टर आले. उभे राहिले. माझ्याकडे बघून हसले. तोंड उघडलं आणि म्हणाले —

खिडकी.

मग म्हणाले, चमचा. मग परत खिडकी. चुटक्या वाजवल्या. माझ्याकडे बघत राहिले, मी शब्द द्यावा म्हणून. कपाटाच्या वेळी दिला होता तसा. माझ्या तोंडातून नुसतं हूं हूं निघालं. मावशी मिटल्या दातांतून उघडा, उघडा असं सांगत होती. त्यांना ते धरता येईना. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

मेंदूचा झटका. शब्द गेले. त्यांना कळतंय. रडतायत. शब्द नाहीत.

लोक थोडा वेळ उभे होते. मग बसले. वाट बघायला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दिवसभर त्यांच्यासमोर बसले. पाटीवर लिहून दाखवलं, उघड. ते बघतात. म्हणतात, चमचा. हात नीट आहेत. पेन दिलं तर रेघा ओढतात.

दुपारी एक माणूस दाढ धरून आला. मी आड उभी राहिले. मावशीने मला बाजूला घेतलं, दुखतंय त्याला, म्हणाली. डॉक्टरांचे हात चालले. पूर्वीसारखेच. बोळा ठेवला, गालावर हात ठेवला. आणि एकदम स्पष्ट, न अडखळता —

चावून धर, बाळ. मी सांगेपर्यंत.

आयुष्यभर घोकलेलं वाक्य झटक्यातही जात नाही. हेही पुस्तकात वाचलंय. त्यांच्याकडे आता तेवढंच उरलंय.

मी चिमटा घेऊन स्वतःच्या दातांत घातला. एक दात तुटला. तोंड नाही उघडलं. मावशीने चिमटा काढून घेतला, चेहरा पुसला, वर आणून निजवलं. बाहेरून कडी लावली. गुठळी निघेल गं, म्हणाली. तूही जाशील तिच्यासारखी.

गुरुवार, २० नोव्हेंबर

खाली फोन वाजला. बाहेरून आलेला फोन लागतो —

धाकटी. मावशी सांगत होती की ताईची दाढ छान निघाली, बोलायची बंदी आहे, विश्रांती घेतेय. हो, ये ना. बस येईल घ्यायला.

दार. मुठी सोलल्या. खिडकीतून चिठ्ठ्या टाकल्या. अंगणात टॉवेलखाली पडल्यात. मावशीने वाचल्या. घडी करून खिशात ठेवल्या. वर बघून मान हलवली, समजूत घातल्यासारखी.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

बस आली. हॉर्न ऐकला.

तिचं हसू. चौकातून इथपर्यंत. किती मोठ्याने हसते ही. देवा, किती मोठ्याने.

खाली आली. विचारतेय, ताई कुठाय. मावशी म्हणतेय, निजलीय, तोवर तुझी बघून घेऊ, गाल सुजलाय बघ. धाकटी म्हणतेय, नाही, आधी ताईला बघीन, तोवर खुर्चीत बसणार नाही. शाबास. शाबास गं. भांड तिच्याशी —

काहीतरी करायला हवं. तिला कळायला हवं की मी जागी आहे, धोका आहे. टाचेने ठोकते, जमिनीवर —

दोन ठोके दिले. आमचे.

ती गप्प झाली. बोलता बोलता, अर्ध्या वाक्यात.

आता काहीच बोलत नाही. भांडत नाही. खुर्ची करकरली. दोन ठोके म्हणजे गप्प — मी काय केलं हे —

परत ठोकतेय. एक. एक ठोका. ड्रिल सुरू झालं. ऐकू जात नाही तिला. फळ्या थरथरतायत. एक ठोका. एक —

ड्रिल थांबलं. टाके घालत असतील.

डॉक्टरांचा आवाज. स्पष्ट. चावून धर, बाळ. मी सांगेपर्यंत.

एक ठोका देतेय. ऐक. एक म्हणजे बोल. उघड गं. आई गेली, बोल काहीतरी, हाक मार — नुसती शांतता आहे खाली — परत देतेय — धाकटे, उघड तोंड, मी सांगतेय ना, ताई सांगतेय, मी सांग